१७ सप्टेंबरचा सत्कार अन् मीटिंग, सगळ्यांनी नीट वाचा

शाळा व्यवस्थापन समितीच्या सगळ्या मेंबरला नमस्कार. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की लगेच शाळेच्या पटांगणात एनएमएमएस ही स्कॉलरशिपची परीक्षा पास झालेल्या लेकरांचा सत्कार आहे. आठवीतच ही परीक्षा देऊन आपल्या लेकरांनी नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये स्कॉलरशिप मिळवली, सोपी गोष्ट नाही ती. शाल-श्रीफळ नको, वह्या अन् कंपास देऊ, लेकरू नारळाचं काय करणार!

सत्कारानंतर तिथंच मीटिंग, घाईनं घरी पळू नका.

१) ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या लेकरांची यादी. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, मग पोरं मायबापासोबत कोयता घेऊन फडात अन् शाळा सुटते ती सुटतेच, म्हणून कोणाची लेकरं आज्जीजवळ राहणार अन् कोणासाठी हंगामी वसतिगृह मागायचं हे आत्ताच ठरवायचंय, मुकादमाची गाडी दारात आल्यावर नाही. आपापल्या गल्लीतली नावं लिहून आणा.

२) वर्गात मोबाईल बंद, हा ठराव घ्यायचाय. सरांनाही लागू.

३) एनएमएमएसच्या फॉर्मसाठी उत्पन्नाचे दाखले. यंदा आठवीत असलेल्यांनी आत्ताच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी तहसीलला लाईन लागते.

आणि बायांनी स्वतः यायचं, नवऱ्याला पाठवायचं नाही. समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, कायद्यानं. सहीसाठी रजिस्टर घरपोच येणार नाही.