चौदा डब्यांची शिक्षा

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "घरी आल्यावर कांदा चिरायचीसुद्धा इच्छा होत नाही रे", ते अजून डोक्यातून जात नाहीये. तेव्हा मी नुसतं हं हं केलं, कारण फोनवर सल्ले द्यायला लागलो असतो तर तू रेंज नाही म्हणून फोन ठेवला असतास, तुला ओळखतो मी. म्हणून निवांत लिहायला बसलोय. लांबणार आहे, एका बैठकीत नाही जमलं तर दोन बैठकीत वाच.

दीड वर्षांपूर्वी माझी तुझ्यासारखीच गत होती. एके दिवशी सहज तीन महिन्यांचे बाहेरून मागवलेल्या जेवणाचे मेसेज मोजत बसलो आणि घाम फुटला. मजेत, कुणासोबत तरी बसून जेवलो त्याचे पैसे नाही रे लागले जिवाला. लागले ते मंगळवारी रात्री नऊ वाजता सोफ्यावर आडवं पडून, नक्की काय खायचंय हेही माहीत नसताना मागवलेल्या जेवणाचे, आणि त्याच वेळी फ्रीजमध्ये आठवडाभरापूर्वी मोठ्या हौसेने आणलेली पालेभाजी पिशवीतच सडून पाणी झालेली. म्हणजे दोन्हीकडून भुर्दंड.

मग काय, आपण कुठलीही गोष्ट हळूहळू करणाऱ्यातले नाही. दोन-चार व्हिडिओ बघितले, त्यात सगळे कसे एका ओळीत एकसारखे डबे मांडून हसत उभे असतात, मी पण चौदा डबे विकत आणले आणि रविवारी पाच तास ओट्याशी उभं राहून सात दिवसांची दोन्ही वेळची जेवणं भरून टाकली. भात, राजमा, कोबी-गाजर. चौदाच्या चौदा डब्यात तेच. सोमवारी मी जग जिंकल्यासारखा जेवलो, मंगळवारी ठीक होतं, बुधवारी झाकण उघडलं आणि परत लावलं, आणि गुरुवारी वास बदलला होता. आठ डब्यांतलं जेवण फेकलं. बायको म्हणाली, तू जेवण नाही, शिक्षा करून ठेवली होतीस. तेव्हा राग आला होता पण बरोबर होतं तिचं.

त्यानंतर बरेच महिने चुकत-माकत एक गोष्ट कळली, आणि तीच तुला सांगायचीये, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. जेवण करून ठेवायचं नाही, जेवणातला कंटाळवाणा भाग करून ठेवायचा. आपल्याला रात्री स्वयंपाकाचा कंटाळा येतो असं आपण म्हणतो, पण कढईत दोन गोष्टी टाकून परतायला कुणालाच कंटाळा येत नाही, कंटाळा येतो तो भिजवण्याचा, शिजण्याची वाट बघण्याचा, सोलण्या-चिरण्याचा आणि सगळ्यात जास्त म्हणजे काय करू या प्रश्नाचा. तेवढं आधी उरकलेलं असलं की रात्री पंधरा मिनिटांत गरम, ताजं वाटणारं काहीतरी ताटात येतं आणि रोज वेगळं येतं.

माझ्या घरी यातला सगळ्यात मोठा आधार म्हणजे कडधान्य. कोरडं, किलोने आणलेलं कडधान्य म्हणजे स्वस्तात स्वस्त प्रोटीन, कोरड्या मसुरात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं, आणि एका अंड्यात सहाच्या आसपास, म्हणजे हिशोब तूच कर. शनिवारी रात्री झोपताना भिजत टाकायचं, एक वाटीचं शिजून अडीच वाट्या तरी होतं, मग एका वेळेला लागेल तेवढं-तेवढं छोट्या डब्यात नाहीतर पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. मी एका रविवारी चणे करतो, पुढच्या रविवारी राजमा, त्यामुळे फ्रीझरमध्ये दोन-तीन प्रकार कायम असतात. मसूर मात्र भिजवायलाही लागत नाही, वीसेक मिनिटांत शिजतो, तो मी आधी करतच नाही.

राजम्याबद्दल मात्र नीट ऐक, यात मस्करी नाही. कच्च्या राजम्यात एक लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते नुसतं गरम करून जात नाही, चांगलं खळखळ उकळावं लागतं. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, नवीन पाण्यात निदान दहा मिनिटं, मी तर अर्धा तास म्हणेन, जोरात उकळू द्यायचं आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचं. कुकर असेल तर प्रश्नच नाही. पण तुझ्याकडे ते दिवसभर मंद आचेवर शिजवणारं इलेक्ट्रिक भांडं आहे ना, त्यात कच्चा राजमा थेट टाकू नकोस, त्याचं तापमान तेवढं चढत नाही. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेसुद्धा उलट्या करायला पुरतात.

आणि भात. भात शिळा झाला की परतून गरम केला म्हणजे झालं, असं मलाही वाटायचं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात तासन् तास ओट्यावर कोमट पडून राहिला की ते वाढतात आणि असं विष तयार करतात की नंतर कितीही गरम केलं तरी ते जात नाही. म्हणजे चूक परत गरम करण्यात नसते, थंड करायला उशीर करण्यात असते. मी आता भात झाला की मोठ्या ताटात पसरतो, वाफ गेली की डब्यात आणि तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये टाकायचा.

बाकीच्या शिजवलेल्या गोष्टींनाही दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही. साधारण ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतूंची चंगळ असते, त्या पट्ट्यातून अन्न जितक्या लवकर बाहेर पडेल तितकं बरं. म्हणून मोठं पातेलं तसंच्या तसं फ्रीजमध्ये कोंबायचं नाही, ते आतून रात्रभर कोमट राहतं, उथळ डब्यांत वाटून ठेवायचं. फ्रीज ४ डिग्रीच्या खाली आहे ना ते बघ, माझा आठवर होता आणि मी वर्षभर भाजीवाल्याला दोष देत होतो! असं ठेवलेलं अन्न तीन-चार दिवस चालतं, म्हणजे रविवारचं बुधवारपर्यंत, पुढचं फ्रीझरमधून. सात दिवसांचे डबे फ्रीजमध्ये ठेवण्याचा माझा प्लॅन मुळातच गंडलेला होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

फ्रीझरने जंतू मरत नाहीत हां, नुसते झोपतात, त्यामुळे खराब व्हायला आलेलं आत टाकून चांगलं होत नाही. काचेच्या बरणीत काठोकाठ सूप भरून मी ठेवलं होतं, सकाळी बरणी उभी तडकलेली, कारण पाण्याचा बर्फ होताना ते नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, वर बोटभर जागा सोडायची. उकडलेला बटाटा फ्रीझरमधून आला की भुसभुशीत रवाळ लागतो, काकडीचा लगदा होतो, ते नादच सोड. फरसबी, गाजर, फ्लॉवर मात्र दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून, निथळून, कोरडं करून ठेवलं तर मस्त राहतं. न उकळता ठेवलं तर भाजीतली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि महिन्याभरात रंग-चव दोन्ही जातात. आणि प्रत्येक डब्यावर काय आहे आणि कधीचं आहे हे लिही. प्लीज लिही. आपल्याला लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही, मी एकदा सूप समजून फळांचा गर गरम केला होता.

रविवारचा माझा कार्यक्रम आता दीड तासाचा असतो, पाच नाही. आधी कडधान्य शिजायला लावायचं कारण त्याला वेळ लागतो आणि आपली गरज लागत नाही, बाजूच्या शेगडीवर अंडी उकडायला (सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर राहतात), आणि ते होईपर्यंत कांदे. पाच-सहा कांदे एकदम चिरून मंद आचेवर चांगले लालसर परतून ठेवतो आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. मित्रा, एवढी एकच गोष्ट केलीस तरी तुझं ते कांद्याचं रडगाणं संपेल, दोन क्यूब कढईत टाकले की अर्धा स्वयंपाक झाल्यासारखा वास सुटतो. मग कोबी, गाजर चिरून कोरड्या डब्यात, पालेभाजी निवडून कोरड्या कपड्यात गुंडाळून, कारण ती ओलीने सडते. आणि एखादी चटकदार गोष्ट, दह्यात लसूण-मिरपूड घोटून किंवा शेंगदाण्याचं घट्टसर सॉस, कारण तेच चणे सोमवारी टोमॅटोत, मंगळवारी दह्याच्या सॉसबरोबर आणि बुधवारी सूपमध्ये गेले तर तक्रार येत नाही. लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर ठेवायची मात्र नाही, त्यात बोटुलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो, लागेल तेव्हाच ताजी घे.

ताटाचा हिशोब मी फार करत नाही, अर्धं ताट भाजी-फळं, पाव भाग धान्य, पाव भाग कडधान्य नाहीतर अंडी, नजरेनेच. वर लिंबू पिळायचं, त्यातल्या व्हिटॅमिन सी मुळे कडधान्यातलं लोह जास्त लागू पडतं. मिठाचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा, चहाचा चमचा. बाहेरच्या जेवणात किती पडलंय ते आपल्याला दिसतच नाही, घरी निदान आपल्या हातात असतं. तुझ्या बीपीबद्दल मी काही बोलणार नव्हतो, पण आता विषय निघालाच आहे तर गोळ्या वेळेवर घेतोस ना?

खर्चाचं विचारशील तर माझी बचत स्वस्त दुकान शोधून झाली नाही, फेकणं थांबल्यावर झाली. बाजारात जायच्या आधी फ्रीज उघडून बघायचं, जे मरणपंथाला लागलंय त्यापासून आठवड्याची सुरुवात करायची, आणि भाज्या दोन-तीनच आणायच्या, ज्या त्या मोसमात भरपूर येतात त्या. फ्रोझन मटार घ्यायला लाजायचं नाही, ते तोडल्यावर लगेच गोठवतात, चार दिवस टोपलीत पडलेल्या मटारांपेक्षा कमी नसतात. आणि डबे विकत आणू नकोस. माझे चौदाच्या चौदा माळ्यावर आहेत, येशील तेव्हा सहा-सात घेऊन जा.

सगळं दर आठवड्याला जमतं असं नाही हां. मागच्या महिन्यात दोन रविवार काहीच केलं नाही, मुलाची परीक्षा, माझा ताप, आणि आम्ही बाहेरून मागवलं आणि चवीने खाल्लं, काही वाटून घेतलं नाही. पण फ्रीझरमध्ये चण्याच्या दोन पिशव्या होत्या त्यामुळे दोन दिवस तरी सुटले.

तू एकटा आहेस, तुला दीड तासही लागणार नाही. या रविवारी फक्त चणे आणि कांदे कर, बाकी काही नको, अंडीसुद्धा नको. आणि त्याआधी तुझ्या फ्रीझरमध्ये मागे काय काय गोठून बसलंय ते बाहेर काढून मला फोटो पाठव, ओळखू येत नसलं तरी पाठव, मी ओळखतो. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना म्हणावं की पोरगा कांदा चिरायला लागलाय.

तुझाच,
चौदा डबेवाला