छातीवरची रिकामी जागा

कोल्हापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,

तुझ्या पोराचा फोटो पोचला. तुमच्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा शर्ट घालून बापासारखाच वाकडा उभा राहिलाय. खाली तू लिहिलंस, "ह्याच्या छातीवर काही नाही बघ, माझ्या छातीवर आहे." तू सहज लिहिलं असणार, पण मी दोन दिवस त्या ओळीत अडकून पडलो. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी हसण्यावारी नेलं असतं, आणि तूही नेऊ दिलं असतंस.

लहान मुलांच्या मापाच्या शर्टावर बेटिंग कंपनीचं नाव छापायचं नाही असा तुमच्याकडे इंग्लंडात नियम आहे, हे मला माहीत नव्हतं. क्लबचं चिन्ह आहे, रंग तोच, फक्त छाती कोरी. पोरगं वाढलं, मोठं माप घेतलं, की छातीवर नाव आलं. मुंजच झाली म्हण की!

गेल्या महिन्यात ग्रुपवर सगळे ऑनलाइन गेमिंगच्या बंदीवरून भांडत होते, तेव्हा तू मला वेगळं विचारलंस, "बंड्या, तू गप्प कसा?" मी 'कामात होतो' म्हणालो. कामात नव्हतो. तीन आयपीएल मी पैसे लावून खेळलो आणि १ लाख ३७ हजार घालवले. हिला माहीत आहे. आता तुला. अण्णांना कळलं, ते शेवटी सांगतो.

कुठलं अ‍ॅप ते विचारू नकोस. भारताच्या जर्सीवर होतं ते नव्हे, दुसरंच.

तू म्हणशील, तू? ज्याच्या घरात मटक्यापायी आईच्या पाटल्या गेल्या, तो? हेच तर सांगायचंय. मला मटका माहीत होता, म्हणूनच हे ओळखता आलं नाही. मटका म्हणजे काय ते आपण पोरं असताना बघितलंय. कोपऱ्यावरची पानपट्टी, कागदाचा चिटोरा, कानात बोललेला आकडा, पोलीस आला की चिटोरा तोंडात. अण्णा ओपनच्या, म्हणजे पहिला आकडा फुटायच्या, वेळेला 'जरा जाऊन येतो' म्हणायचे आणि आई ताट वाढताना भांडी आपटायची. तीन पत्ते, त्यांची बेरीज, शेवटचा आकडा. एका रुपयाला नऊ. ओपन आणि क्लोज दोन्ही आकड्यांची जोडी लागली तर एकाला नव्वद. १९६२ साली कल्याणजी भगतनं आणि १९६४ ला रतन खत्रीनं मुंबईत जे सुरू केलं, त्याच्या वळचणीला आमचं अख्खं घर होतं. पण त्या धंद्याला एक भिंत होती, लाजेची. कल्याण बाजाराचं नाव कुणी छातीवर छापून फिरलं नाही. गावसकरच्या स्वेटरवर कधी 'ओपन-क्लोज' बघितलंस?

आणि मी काय बघितलं? २०२० चा सप्टेंबर आठव. कोविड, घरात कोंडलेलो, आयपीएल दुबई-अबुधाबीच्या रिकाम्या स्टेडियमात. विवो बाजूला झालं आणि ड्रीम११ नं, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवून पैसे लावायच्या अ‍ॅपनं, २२२ कोटींना स्पर्धेचं नाव घेतलं. मग जुलै २०२३ पासून भारताच्या जर्सीवर तेच, ३५८ कोटींना तीन वर्षं. दोन षटकांच्या मधल्या प्रत्येक जाहिरातीत कुणी ना कुणी आपला देव. धोनी सांगतोय, दादा सांगतोय. शेवटी तो इशारा यायचा, आठवतं का, 'या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते', एका श्वासात, लग्नात भटजी मुहूर्त टळायला आल्यावर म्हणतात तसा. जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या संस्थेनं २०२० च्या डिसेंबरात नियम केला होता, की हे वाक्य नेहमीच्या बोलण्याच्या वेगानं वाचायचं. नेहमीचा वेग म्हणजे कुणाचा, ते लिहायचं राहिलं बहुतेक.

मी पहिल्यांदा ४९ रुपये भरले. मिसळीच्या प्लेटपेक्षा कमी. ऑफिसात चौघं-पाचजण खेळायचे, सातच्या टॉसला 'टीम लावली का?' म्हणून मेसेज यायचा. टीम लावली का. आकडा लावतात, टीम लावतात. क्रियापद तेच होतं संज्या, आणि तीन वर्षं ते माझ्या कानावर पडून मला ऐकू आलं नाही.

दोघांची लढत असायची. दोघांनी पन्नास-पन्नास भरायचे, जिंकणाऱ्याला नव्वद. हे मी अलीकडे कागदावर मांडून बघितलं. दहा आकड्यांतला एक लावायचा आणि एकाला नऊ मिळवायचे, म्हणजे शंभरातले दहा मटकेवाल्याचे. इथेही शंभरातले दहा त्यांचे. अण्णांच्या खत्रीत आणि माझ्या अ‍ॅपात एका टक्क्याचा फरक नाही. फरक एवढाच, की खत्रीनं अण्णांना कधी 'अभ्यासू' म्हटलं नव्हतं.

हा अभ्यासूपणाच नडला. मी पिचचा रिपोर्ट वाचायचो, कुठला डावखुरा कुठल्या फिरकीला चाचपडतो त्याची वही ठेवली होती. खरंच ठेवली होती, हसू नकोस. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं २०१७ ला आणि आपल्या मुंबई हायकोर्टानं २०१९ ला सांगितलं होतं, की हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. कौशल्य असतंच, मी नाकारत नाही. पण कुस्तीही कौशल्याचीच आहे की! म्हणून माझ्यासारख्या ढेरपोट्यानं खासबागेत लांग बांधून उतरावं, आणि चितपट झाल्यावर 'हे नशीब नव्हतं हां, कौशल्य होतं' म्हणून माती झटकावी, तसं झालं. समोरचा एकावेळी शे-दोनशे टीम लावणारा, आकडेमोडीला कॉम्प्युटर जुंपलेला. मी वहीवाला.

कळलं कसं ते ऐक. फ्लॅटच्या कर्जासाठी बँकेत सहा महिन्यांचं स्टेटमेंट दिलं. काचेपलीकडे पंचविशीतला पोरगा, पेन्सिल घेऊन पान उलटतोय आणि बारीक टिक करतोय. ४९, ९९, ४९, २५०, ५००, ५००. एका पानावर चौदा टिका. मला घाम फुटला. त्यानं मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, मीपण लावतो. काल तुमचा कॅप्टन कोण होता?"

तो रागावला असता, फाईल परत केली असती, तर मी कदाचित विसरून गेलो असतो. त्याच्या हसण्यानं मला पानपट्टीवरचे लोक आठवले. तेही असेच हसायचे एकमेकांना बघून, पण गल्लीत कुणी दिसलं की हसू पुसायचे. ह्यानं पुसलं नाही. पुसायचं कशाला? देशाची टीम छातीवर घेऊन फिरत होती.

आता तू म्हणशील, सगळं जर्सीवर ढकलू नकोस. बरोबर आहे, बोटं माझीच होती. पण १९९६ आठव. विल्स वर्ल्ड कप! सिगरेटच्या नावाचा वर्ल्ड कप आपण तुमच्या माडीवर बघितला, ईडन गार्डन्सला बाटल्या पडल्या, कांबळी रडत आत गेला आणि तुझ्या आजोबांनी टीव्ही बंद केला. आपल्या टीमच्या छातीवरही विल्सच होतं. तेव्हा आपल्याला ते सिगरेटचं पाकीट आहे असं वाटतच नव्हतं, ते भारताच्या ड्रेसवरचं एक अक्षर होतं. पुढं तंबाखूच्या जाहिरातीवर कायदा येऊ घातला, ते नाव गेलं, आणि क्रिकेट काही बुडालं नाही. छातीवरची जागा एक दिवस रिकामी राहत नाही. सहारा आलं, स्टार आलं, ओप्पो, बायजूज, मग ड्रीम११. ह्या यादीकडे बघून लोक जर्सीला पनवती म्हणतात ते सोड.

ह्या ऑगस्टमध्ये काय झालं ते तू वाचलंच असशील, पण वेग बघ. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैशाचे ऑनलाइन गेम बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, म्हणजे मी सुटलो. पंचेचाळीस कोटी लोकांचे वीस हजार कोटींवर बुडाले असा सरकारचाच अंदाज. मग त्याच सरकारनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला होता तेव्हा ते काय समजत होते, हा प्रश्न मी गिळतो. गोव्यात मांडवी नदीतले कॅसिनो अजून तरंगतायत, तोही गिळतो.

एक मात्र गिळवत नाही. जुलैत आपल्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, गेम आपोआप आला, मी बंद करत होतो. असेलही. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं काढलं आणि दिलं काय? क्रीडा खातं! हे मला सुचलं असतं तर गणपतीतल्या नाटकात घातलं असतं आणि तू 'अति होतंय' म्हणून कापलं असतंस.

मग सप्टेंबरात एशिया कप. आपली टीम कोऱ्या छातीनं उतरली. नुसतं 'इंडिया'. मी आणि आमचं पोरगं बघत होतो. तो अकराचा आहे, त्याच्या अंगात बिंदू चौकाजवळच्या गाडीवरून अडीचशेला घेतलेली जुनी जर्सी, कंपनीच्या नावासकट. इथे लहान माप न् मोठं माप असला भेद नाही, गाडीवाला सगळ्यांना सारखं छापतो. तो म्हणाला, "बाबा, ह्यांची जर्सी डुप्लिकेट आहे का? नाव नाही." नाव असलेली खरी, नसलेली नकली. मी काय उत्तर देणार? स्टेटमेंटची झेरॉक्स माझ्या कपाटात होती.

क्रिकेट बोर्डानं नवं टेंडर काढताना सट्टा, गेमिंग, दारू, तंबाखूवाल्यांनी येऊ नये असं लिहिलं आणि आता टायरवाल्यांचं नाव आलंय, ५७९ कोटींना. म्हणजे जुन्यापेक्षा जास्त मिळाले. जुगारवाल्यांचा पैसा नसेल तर खेळ कसा चालायचा, असं ज्ञान देणारे ग्रुपवर तेव्हा चार होते, ते आता मॉर्निंग वॉकचे फोटो टाकतात.

तुमच्याकडे हे सगळं आधी होऊन गेलंय ना? फुलहॅम क्लबनं २००२ ला बेटफेअर ह्या बेटिंग कंपनीचं नाव छातीवर छापलं, तिथून वीस वर्षांत निम्मी प्रीमियर लीग त्यांच्याच छापाची. २०२३ ला क्लबांनी स्वतःच ठरवलं, की २०२५-२६ चा सीझन संपला की छातीवरून काढायचं. पण बाही सोडली! मैदानाकडेचे फलकही सोडले. नवस फेडताना बोकडाऐवजी नारळ, तसं. आणि तो ब्रेंटफोर्डचा फुटबॉलपटू टोनी. बेटिंगचे नियम मोडले म्हणून २०२३ ला आठ महिने बाहेर, २३२ वेळा मोडल्याचं त्यानं कबूल केलेलं, आणि छातीवर दर शनिवारी बेटिंग कंपनीचंच नाव. मला त्याची कणव आली. बोर्ड लावलेल्या दुकानातच त्याला नोकरी होती.

इथेही संपलेलं नाही. मोठी नावं गेली तसे सट्ट्याचे 'आयडी'वाले शिरले. व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर येतो, आयडी घ्या, पैसे टाका, भाव बघा. बाहेरदेशी बसलेले, त्यांना इथला कायदा काय करणार? हेच लोक मागे न्यूज वेबसाइटच्या नावानं जाहिरात करायचे, २०२२ ला सरकारनं चॅनेलांना पत्र लिहून थांबा म्हटलं होतं. पण एक फरक मला रोज जाणवतो. आयडी घ्यायला आता मला लपून घ्यावा लागेल. त्या बँकेतल्या पोराला आता काचेपलीकडून मोठ्यानं विचारता येणार नाही. भिंत पुन्हा थोडी उभी राहिलीय. वीतभर का होईना.

अण्णांचं सांगायचं राहिलं. दिवाळीत पाडव्याला आम्ही दोघंच गॅलरीत होतो. वय ७६, कान गेलेत, मोठ्यानं बोलावं लागतं, आणि असल्या गोष्टी मोठ्यानं बोलवत नाहीत. तरी सांगितलं. आकडाही सांगितला. ते बराच वेळ फटाक्यांकडे बघत राहिले. मी विचारलं, "तुम्ही सोडला कसा?" मला आयुष्यभर वाटत होतं, की आईच्या पाटल्या गेल्या तेव्हा त्यांनी शपथ घेतली. आई तसंच सांगायची.

ते म्हणाले, "सोडला कुठं? रस्ता रुंद झाला, पानपट्टी उठली. पुढची लांब होती."

मग म्हणाले, "तुझी पानपट्टी खिशातच हाय, तुझं अवघड हाय बाबा."

आता घराकडचं. काकूंचा गुडघा बरा आहे, मी परवा जाऊन आलो. त्यांना तू रविवारी फोन करत नाहीस अशी तक्रार आहे. वहिनींना नमस्कार सांग. जानेवारीत येतोस तेव्हा शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची फुटबॉल मॅच मिळाली तर बघू, मी तुमच्या पायऱ्यांवर बसणार नाही हे आत्ताच सांगतो.

आणि येताना आमच्या पोराला एक वेस्ट हॅमचा शर्ट आण. पैसे देतो, नाही म्हणू नकोस. त्याला बाराच्या वयाचं माप होईल. दुकानात मोठ्यांचा 'स्मॉल' दाखवतील, तो स्वस्त पडला तरी घेऊ नकोस. लहान मुलांचाच आण.

तुझा,
बंड्या