एक्सोझोम: संशोधन वेगळे, उपचार वेगळे

एक्सोझोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात ते अतिसूक्ष्म कण; त्यांच्या उपचारांवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. असा विषय मराठीत आला याचा आनंद आहे. पण प्रयोगशाळेतील संशोधन आणि केस-त्वचेसाठी दिली जाणारी इंजेक्शने यांची त्यात झालेली सरमिसळ पटली नाही.

साधारण 30 ते 150 नॅनोमीटरचे हे कण औषध वाहून नेण्यास उपयुक्त ठरू शकतात. अडचण अशी, की पेशी ते फार थोडे तयार करतात. 2018 मध्ये स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी यावर मार्ग काढला. मानवी पेशींत त्यांनी एक्सोझोमनिर्मितीला मदत करणारी स्टीप-3 व सिंडेकन-4 ही जनुके घातली आणि चयापचयाला चालना मिळावी म्हणून एल-अ‍ॅस्पार्टेट ऑक्सिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) एका तुकड्याचे जनुकही जोडले. उत्पादन कित्येक पटींनी वाढले. हे काम खरोखर मोलाचे आहे. मात्र त्यातील उपचाराचे प्रयोग पार्किन्सनसदृश आजाराच्या उंदरांवर झाले, रुग्णांवर नव्हे.

नाशिकमध्येही ‘एक्सोझोम थेरपी’च्या जाहिराती दिसतात, म्हणून हा फरक ठळकपणे छापायला हवा होता. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये अशा उत्पादनांबाबत रुग्णांना जाहीर इशारा दिला होता. उपचार घेणाऱ्याने कण कोणत्या पेशींतून काढले, ते निर्जंतुक असल्याची तपासणी कोणी केली आणि वापराला परवानगी कोणाची, हे डॉक्टरांकडून लेखी मागावे.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक