राजदूतांचा वडापाव आणि आमचा पासपोर्ट

संपादक महोदय,

'सॉफ्ट पॉवर'वरचा, म्हणजे खाणंपिणं-कलेतून परक्या देशाची मनं जिंकण्यावरचा, आपला कालचा लेख वाचला. जपानचे तेव्हाचे राजदूत हिरोशी सुझुकी जून २०२३ मध्ये पुण्यात आले, वडापाव खातानाचा व्हिडिओ टाकला, 'थोडा तीखा कम' म्हणाले, तिखट खाण्यात बायकोकडून हरले आणि थेट पंतप्रधानांनी दाद दिली, हे आम्हा पुणेकरांना तोंडपाठ आहे. आपल्या वकिलातींनीही अशी रील करावीत, हा लेखकाचा सल्ला. अहो, ढिगाने करतात!

फरक एवढाच, की सुझुकींनी आम्हाला सुशी दाखवली नाही, आमचाच वडापाव मिटक्या मारत खाल्ला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दिल्लीतल्या कोरियन दूतावासातली माणसं नाचली, तीही तेलुगू गाण्यावर. पाहुण्याने आपल्या ताटातलं मागून घेतलं की यजमान खूश होतोच. आमची मंडळी मात्र परमुलखात जाऊन स्वतःचंच ताट मिरवतात.

माझी मुलगी नऊ वर्षं परदेशात आहे. गेल्या वर्षी पासपोर्टचं नूतनीकरण अडकलं. तिथल्या आपल्या कार्यालयात फोन कोणी उचलेना, मेलला उत्तर नाही. इकडे तिच्या आईचं ऑपरेशन ठरलेलं. आई तिला रोज विचारायची, 'तिकीट काढलं का गं?' शेवटी मुलीने त्या कार्यालयाच्या योग दिनाच्या रीलखाली अर्ज क्रमांक लिहून अगदी नम्रपणे चौकशी केली. दुसऱ्या दिवशी तिची कमेंट गायब. रील शाबूत, आणि वृक्षासनातल्या साहेबांचा तोल जराही ढळलेला नाही. पासपोर्ट आला तोवर आईचे टाके निघाले होते. त्या देशातल्या किती लोकांना योगाची गोडी लागली ते साहेबांना ठाऊक. आमच्या घरातल्या एकीची मात्र उतरली.

आणि पुणे-जपान स्नेह काही राजदूतांच्या मोबाइलमधून उगवलेला नाही. सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग २००६ पासून आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली. लेखकमहाशयांनी एखाद्या सकाळी तिथे चक्कर मारावी. मी असतो.

जाता जाता. कोरियन मंडळी नाचली त्या तेलुगू गाण्याचं नाव 'नाटू नाटू' आहे. आपण दोन ठिकाणी 'नातू नातू' छापलंत. मुद्रितशोधक ठेवणं बंद केलंत का? मला नातू एकच आहे, आणि त्याचाही पासपोर्ट त्याच कार्यालयात अडकला होता.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे