पेनड्राइव्हमधले फोल्डर गेलेले नाहीत

चि. मनाली,
अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय. हा शॉर्टकट व्हायरस आहे. तुझा प्रोजेक्ट आणि आजोबांच्या पेन्शनचे कागद बहुतेक त्यातच आहेत, नुसते लपवलेले. घाबरून फॉरमॅट मारलास तर मात्र ते खरंच जातील.

पूर्वी पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनमुळे व्हायरस आपोआप चालू व्हायचा. २००८ साली आलेला कॉन्फिकर नावाचा व्हायरस या वाटेनेही पसरला. पुढे विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही तसा अपडेट दिला. तेव्हापासून असल्या व्हायरसला माणसाचा डबल क्लिक लागतो. म्हणून तो खरा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालते आणि लगेच तुझा फोल्डरही उघडतो, त्यामुळे शंका येत नाही. फाइलचं एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू असलं तरी शॉर्टकटचं 'एलएनके' विंडोज दाखवत नाही. ओळखायचं ते बाणावरून, किंवा 'डीटेल्स' व्ह्यूमधल्या 'टाइप' या रकान्यावरून: तिथे 'फाइल फोल्डर' ऐवजी 'शॉर्टकट' दिसतं.

आता क्रम नीट पाळ. आधी घरचा कॉम्प्युटर, मग पेनड्राइव्ह. उलटं केलंस तर साफ केलेला पेनड्राइव्ह पुन्हा लावताच कॉम्प्युटरमध्ये चालू असलेली स्क्रिप्ट त्यावर परत शॉर्टकट बनवते. बरेच लोक इथेच चुकतात आणि व्हायरस जातच नाही म्हणतात.

पेनड्राइव्ह काढ, वायफाय बंद कर. बँकेचं आणि मेलचं काही त्या कॉम्प्युटरवर उघडू नकोस. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघड. यादीत 'विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' दिसलं तर निवडून 'एंड टास्क' कर. तो प्रोग्राम विंडोजचाच आहे, डिलीट करायचा नाही. व्हायरस त्याच्या खांद्यावर बसून चालतो एवढंच.

मग विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघड. तिथे दुसऱ्याच अँटीव्हायरसचं नाव आणि मुदत संपल्याचा निरोप असेल, तर तो आधी सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट कर. मुदत संपलेला अँटीव्हायरस नवे व्हायरस ओळखत नाही आणि डिफेंडरची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसची, जागाही अडवून बसू शकतो. आता वायफाय अपडेटपुरतंच चालू कर, 'प्रोटेक्शन अपडेट्स' मधून अपडेट घे आणि परत बंद कर. 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये खाली 'ऑफलाइन स्कॅन' आहे, तोच निवड. उघड्या फाइल सेव्ह कर, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच हा स्कॅन होतो, म्हणून व्हायरसला स्वतःचा बचाव करता येत नाही. काय सापडलं ते नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये पाहा. रात्री 'फुल स्कॅन' लावून झोप. त्याला काही तास लागतात, तेव्हा स्लीप बंद ठेव.

सकाळी टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप', म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रामची यादी, पाहा. विचित्र अक्षरांचं किंवा निर्माता कंपनीचं नाव नसलेलं काही असेल तर 'डिसेबल' कर आणि मला फोटो पाठव. ओळखीचं नाही म्हणून सरसकट सगळं बंद करू नकोस.

आता पेनड्राइव्ह. लावल्यावर त्यातलं काहीच डबल क्लिक करायचं नाही. 'धिस पीसी' मध्ये त्याच्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन कर. फुल स्कॅन पेनड्राइव्ह तपासत नाही, जोवर ते सेटिंग मुद्दाम बदललेलं नसतं. म्हणून हा वेगळा स्कॅन चुकवू नकोस. लपवलेल्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हिडन' ची खूण काढता येणार नाही, ती करडी दिसेल, कारण व्हायरसने त्याला 'सिस्टिम' हाही शिक्का मारलेला असतो. तो कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीतून, काढायचा. पेनड्राइव्हचं अक्षर ई असेल तर ओळ अशी: ॲट्रिब, जागा, वजा एस, जागा, वजा एच, जागा, वजा आर, जागा, ई आणि कोलन, उलटी तिरपी रेघ (बॅकस्लॅश), तारा टिंब तारा, जागा, सुलटी तिरपी रेघ आणि एस, जागा, सुलटी तिरपी रेघ आणि डी. ॲट्रिबचं स्पेलिंग ए, टी, टी, आर, आय, बी. अक्षर दोनदा तपासून मगच एंटर दाब. एखादा बिननावाचा फोल्डर दिसला तर दचकू नकोस. काही व्हायरस सगळ्या फाइल त्यातच नेऊन ठेवतात. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' मात्र विंडोजचा फोल्डर आहे, त्याला हात लावू नकोस.

कागद, फोटो, पीडीएफ तेवढे कॉम्प्युटरवर कॉपी कर. शॉर्टकट किंवा ईएक्सई, व्हीबीएस, बॅट अशी प्रोग्राम चालवणारी फाइल एकही घेऊ नकोस. कॉपी केलेल्या फाइल उघडून खात्री केल्यावरच पेनड्राइव्ह फॉरमॅट कर.

पासवर्ड मोबाइलवरून बदल, वायफाय नव्हे, मोबाइल डेटावर. आधी मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात. आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' हेही कर. ब्राउझरमधली कुकी, म्हणजे तुझं लॉगिन लक्षात ठेवणारी छोटी फाइल, चोरीला गेली असेल तर चोराला पासवर्ड लागतच नाही. आजोबांच्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला तर माझी वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव आणि बँकेलाही कळव. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

डिफेंडर उघडलाच नाही, किंवा दोनदा ऑफलाइन स्कॅन करूनही त्याच व्हायरसचं नाव परत आलं, तर कागदांची कॉपी करून कॉम्प्युटर 'रिमूव्ह एव्हरीथिंग' ने रीसेट करायचा. ते मी आल्यावर करू, एकटीने नको. फाइलची नावंच बदलली असतील आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली तर तो वेगळा आजार; कॉम्प्युटर नेटपासून तोडून ठेव, काही पुसू नकोस आणि मला फोन कर.

प्रोजेक्टची प्रिंट उद्याच हवी असेल तर पीडीएफ तुझ्या मोबाइलवरून दुकानाला मेल कर. स्वतःच्या मेलला त्यांच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करू नकोस.

तुझी,
आई