बेसूर नव्हे, वेगळे सूर

संपादक महोदय,

नॉइज रॉक, म्हणजे कर्कश आणि विसंवादी आवाज मुद्दाम वापरणारे रॉक संगीत, हा नुसता बेसूर गोंगाट आहे, हा समज सोनिक यूथ या अमेरिकन बँडच्या सुरुवातीच्या काळाकडे पाहिले तरी टिकत नाही. थर्स्टन मूर, किम गॉर्डन आणि ली रनाल्डो यांचा हा बँड न्यूयॉर्कमध्ये 1981 साली जमला. त्याच वर्षी जूनमध्ये मूर यांनी तिथल्या व्हाइट कॉलम्स या कलादालनात ‘नॉइज फेस्ट’ हा संगीत महोत्सव भरवला. पहिली छोटी ध्वनिमुद्रिका 1982 साली संगीतकार ग्लेन ब्रान्का यांच्या न्यूट्रल रेकॉर्ड्सने काढली. ड्रमवादक बदलत राहिले. स्टीव्ह शेली 1985 साली आले आणि मग तो प्रश्न मिटला.

खरी गंमत गिटारींत आहे. स्वस्त गिटारी, प्रत्येक वेगळ्या सुरांत लावलेली. एकाच गिटारीवर दर गाण्याला सूर बदलले तर तारांचा ताण बदलतो, गिटारीची मान किंचित हलते आणि आधी लावलेल्या ताराही सुरातून ढळतात. म्हणून गिटारींचा ताफाच लागतो. तार फार उतरवली की ती सैल पडून मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर (फ्रेट) खडखडते, तेव्हा जाड तार घालावी. दोन तारा 220 आणि 222 हर्ट्झवर लावल्या, तर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात, म्हणजे आवाज दोनदा वाढतो आणि ओसरतो. तंबोऱ्याची जोडी जुळवणाऱ्याला हे सांगायला नको! बाराव्या पट्टीवर तारांखाली स्क्रूड्रायव्हर खुपसला की तार दुभागते, दोन्ही बाजू वाजतात.

जुलै 1999 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रक चोरीला गेला. त्या गिटारींसोबत काही गाणीही मंचावरून गेली, कारण ती दुसऱ्या गिटारीवर बसतच नव्हती.

– एक वाचक