ब्लूफिल्डचे मैदानही आठवा

महोदय,

बेसबॉलच्या बातम्यांत न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच दिसतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफिल्डबद्दलही लिहा. कोळसा आणि रेल्वेवर वाढलेले हे गाव. त्याचे बोवेन फील्ड मैदान मात्र राज्याची हद्द ओलांडून व्हर्जिनियात! 1958 ते 2010 बाल्टिमोर ओरिओल्स या मोठ्या व्यावसायिक संघाची नवखी पोरे इथेच घडली. 1978 मध्ये कॅल रिपकेन ज्युनियर इथे आला, तेव्हा हंगामभर त्याला एकही होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा फटका) मारता आला नाही. पुढे त्यानेच सलग 2,632 सामने खेळण्याचा विक्रम केला.

2020 नंतर मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, नवखे खेळाडू घडवणारे आपले संलग्न संघ 160 वरून 120 वर आणले आणि ब्लूफिल्ड वगळले गेले. आता तिथे उन्हाळ्यात कॉलेजची मुले खेळतात. खेळाडू घडवणाऱ्या गावावर हा सरळसरळ अन्याय आहे.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, सांगली